चष्म्याआडचे डोळे

वेताळाच्या डोळ्यांत बुबुळं नसतात. मुखवट्याला दोन फटी, आणि त्या फटींत कोरा कागद. ली फॉक यांनी 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून हा चित्रकथेतला नायक आणला, तेव्हाच हे ठरवलं होतं. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बाहुल्या नसतात आणि म्हणून ते चेहरे अधिक भारदस्त वाटतात, हे त्यांच्या डोक्यात होतं. पुढे मुखवटेवाल्या नायकांची जी रांग लागली, तिच्यातल्या बहुतेकांनी ही युक्ती उचलली. त्या कोऱ्या जागेत वाचणाऱ्यानं आपल्याला हवी ती नजर भरायची असते. चौकट तीच, चेहरा तोच, पण एका पोराला त्यात राग दिसतो आणि दुसऱ्याला माया.

वेताळ येऊन जवळपास अर्धशतक झाल्यावर पुण्याच्या एका चित्रकारानं आणखी एका नायकाचे डोळे झाकले. या वेळी मुखवटा नव्हता, काळा चष्मा होता. नायकाचं नाव सुप्रिमो, चित्रकार प्रताप मुळीक, आणि चष्म्यामागचा माणूस अमिताभ बच्चन. हे कॉमिक दोनेक वर्षं निघालं आणि थांबलं. आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला त्याचं नावही माहीत नसतं, आणि पन्नाशीच्या पुढचा वाचक ‘असं काहीतरी होतं खरं’ म्हणून थांबतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या काही चित्रकला शिक्षकांनी आणि जुने अंक जपणाऱ्या वाचकांनी मिळून हे पुस्तक केलं आहे ते या सुप्रिमोसाठी. फसलेल्या कॉमिकवर एवढा कागद कशाला, असा प्रश्न पहिल्या बैठकीतच आला होता. माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. आपल्याकडच्या कसलेल्या चित्रकारानं परदेशी गुरूच्या रेषेला दिलेली दाद या अंकांत दिसते, आणि ती दाद कुठे फळली, कुठे अडली, हेही इथंच सगळ्यांत स्वच्छ दिसतं. यशस्वी कॉमिकमध्ये शिवण झाकली जाते. न टिकलेल्या कॉमिकमध्ये टाका न् टाका मोजता येतो.

आधी वेताळ आपल्यापर्यंत पोचला कसा ते सांगायला हवं. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. पहिले काही अंक फक्त वेताळाचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हेही आले. इंग्रजीच्या मागोमाग हिंदी, मराठी आणि इतर भाषांतल्या आवृत्त्या निघाल्या. मूळ कथेतलं वेताळाच्या देशाचं ‘बंगाला’ हे नाव आपल्या बंगालशी घोटाळा करील म्हणून ‘देंकाली’ झालं. हे अंक यायचे रेल्वेनं, आणि आपल्या जिल्ह्यात रेल्वे घाटाखालून जाते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-हावडा मार्गावरची स्टेशनं, आणि जलंबहून खामगावला फाटा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावरचे तालुके एसटीवर अवलंबून. त्यामुळे घाटाखालच्या पोट्ट्यांनी वाचून चुरगाळलेला वेताळ घाटावर चढायचा तो कुणाच्या तरी मामाच्या पिशवीतून. मुखपृष्ठ बऱ्याचदा गळलेलं असायचं, शेवटचं पान नसायचं, आणि गोष्टीचा शेवट ज्यानं त्यानं आपापला लावायचा.

त्या चुरगाळलेल्या अंकांत एक गोष्ट घडत होती, ती त्या वयात कुणाला शब्दांत सांगता आली नसती, पण डोळ्यांना कळत होती. सगळे वेताळ सारखे नव्हते. विल्सन मॅकॉय यांचा वेताळ सपाट, साधा, जवळपास बालबोध रेषेतला. 1961 पासून साय बॅरी यांनी सूत्रं हाती घेतली, आणि त्यांचा वेताळ अंधारातून पुढे येणारा, अर्धं शरीर काळ्या सावलीत बुडालेलं, दंडावरची प्रत्येक शीर जागेवर. बॅरी यांनी पुढे तीसेक वर्षं तो काढला. इंद्रजालच्या अंकांत हे दोन्ही वेताळ आगेमागे यायचे. तेव्हा ‘आजचा वेताळ चांगला काढलाय’ असं म्हणणारा दहा वर्षांचा वाचक नकळत शैलीबद्दल बोलत होता. दाद देणाऱ्या चित्राला असा वाचक लागतो. मूळ ज्याच्या डोळ्यांत मुरलेलं नाही, त्याला दाद दिसतच नाही. त्याला नुसतं एक नवं चित्र दिसतं.

आता मुळीक. हिंदी कॉमिक्सच्या श्रेयपानावर ‘प्रताप मुळीक’ आणि इंग्रजी अंकांत ‘मुलिक’ किंवा ‘मल्लिक’ छापलेलं वाचून हा चित्रकार बंगाली असावा असा समज बाहेर बराच पसरला. ते आपले पुण्याचे. त्यांचं नाव घराघरांत गेलं ते अमर चित्रकथेमुळे. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला आणि तिचा चेहरा ठरला. मुळीकांनी तिला देह दिला असं मी म्हणेन. त्यांच्या माणसांना वजन असतं. बसलेला माणूस खरंच जमिनीवर बसलेला असतो, घोड्यावरचा माणूस रिकिबीत पाय रोवून असतो.

त्यांनीच अमर चित्रकथेचा ‘शिवाजी’ काढला. लेखन भा. रा. भागवतांचं होतं, फास्टर फेणेच्या भागवतांचं. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. दर 12 जानेवारीला तिथं लोटणारी गर्दी ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको, की या जिल्ह्यात जिजाऊ ही इतिहासाच्या पुस्तकातली बाई नाही, घरातली आहे. त्या घरातल्या बाईला आणि तिच्या मुलाला चौकटींत, फुग्यांतल्या संवादांसह पाहणं हा आमच्या पिढीसाठी वेगळाच अनुभव होता. शाळेच्या भिंतीवरचे महाराज एकाच मुद्रेत थांबलेले असत. मुळीकांचे महाराज चालत, वळत, चिडत, विचार करत. आपला नायक पानापानातून पुढे सरकू शकतो, हे तिथं पहिल्यांदा कळलं. सुप्रिमोकडे बघताना हे विसरून चालणार नाही: ज्या हातानं हा चष्मेवाला काढला, तो हात त्याआधी शिवाजी काढून बसला होता.

त्या हाताची वंशावळ वेताळापाशी सुरू होत नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या शिळाछापांनी मराठी घरांच्या भिंतींवर देवांचे चेहरे पक्के केले. मग रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल आले. मुळगावकरांच्या कॅलेंडरांवरच्या देवदेवतांच्या अंगाला आतून उजेड असतो, आणि त्याच मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही केली. काळापहाड आणि झुंजार हे मराठीतले पहिले वेषांतर करणारे, कायद्याच्या काठावरून चालणारे लोकप्रिय नायक. म्हणजे एकाच ब्रशातून लक्ष्मीही उतरत होती आणि हातात पिस्तूल घेतलेला झुंजारही. मराठी व्यावसायिक चित्रकाराला देव आणि डाकू यांच्यासाठी दोन हात ठेवायची चैन कधी नव्हती. मुळीकांकडे हा वारसा आला. त्यांच्या स्त्रियांच्या मानेचा कल, नेसूच्या चुण्या, हाताच्या बोटांची ठेवण पाहिली की मला दलाल-मुळगावकरांचं घराणं दिसतं. सावली टाकायची वेळ आली की साय बॅरी.

सुप्रिमोचा जन्म कसा झाला हेही सांगण्याजोगं आहे. ‘मूव्ही’ या चित्रपट मासिकाच्या संपादक पम्मी बक्षी यांची ती कल्पना. प्रकाशन इंडिया बुक हाउसचं, म्हणजे अमर चित्रकथेच्याच घरातलं. संहितांवर सल्लागार म्हणून गुलजार यांचं नाव. सुप्रिमो हे टोपणनाव गोव्यातलं: ‘पुकार’ या 1983 च्या चित्रपटाच्या चित्रीकरणात रणधीर कपूर बच्चनना त्या नावानं हाक मारायचे. नायकाच्या साथीला दोन मुलं, विजय आणि अँथनी, बच्चन यांच्या गाजलेल्या भूमिकांची नावं घेऊन आलेली. आणि शाहीन नावाचा ससाणा.

हा ससाणा महत्त्वाचा आहे. ‘कुली’ पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यात नायकाचा ससाणा अल्लारखा आठवला असणार, आणि तो काळ असा होता की ‘कुली’ न पाहिलेला माणूस शोधावा लागला असता. 26 जुलै 1982 ला त्याच चित्रपटाच्या सेटवर बच्चन जबर जखमी झाले होते आणि गावोगावच्या देवळांत त्यांच्यासाठी नवस बोलले गेले होते. पण वेताळाच्या वाचकाला या ससाण्यात दुसरंच काही दिसलं. वेताळाकडेही ससाणा आहे, फ्राका. लांडगा डेव्हिल आणि घोडा हीरो यांच्याइतका तो गाजला नाही, पण निरोप घेऊन उडणारा फ्राका जाणकारांच्या ओळखीचा. सुप्रिमोच्या खांद्याशी ससाणा येऊन बसतो तेव्हा एका पंखावर हिंदी सिनेमा असतो आणि दुसऱ्यावर ली फॉक. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, झाकलेले डोळे, निष्ठावान पक्षी. वेताळाचं अख्खं सामान इथं आहे, फक्त ते देंकालीतून मुंबईत आणून नव्यानं मांडलं आहे.

याला नक्कल म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून या ठिकाणी थोडं थांबतो. नक्कल आपलं मूळ लपवते. नक्कल करणाऱ्याला भीती असते की वाचकानं मूळ पाहिलेलं असेल. दाद देणाऱ्याची आशाच ती असते. ज्याला आपण ऋण मान्य करणं म्हणतो, त्याचं चित्रातलं रूप म्हणजे ही दाद. एखाद्या गवयानं आपल्या उस्तादाची खास जागा घेताना कानाच्या पाळीला हात लावावा, तसं ते असतं.

याचा सगळ्यांत उघड, जाणूनबुजून केलेला नमुना अमेरिकेत सापडतो, आणि तोही अल्पायुषीच. 1993 मध्ये इमेज कॉमिक्सनं ‘1963’ नावाची मालिका काढली. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकारांत रिक व्हीच, स्टीव्ह बिसेट, डेव्ह गिबन्स आणि इतर. तीस वर्षांपूर्वीच्या मार्व्हल कॉमिक्ससारखं दिसणारं, बोलणारं, वागणारं कॉमिक काढायचं, एवढा एकच संकल्प. फॅन्टॅस्टिक फोरच्या जागी ‘मिस्टरी इनकॉर्पोरेटेड’, थॉरच्या जागी ‘होरस’, डॉक्टर स्ट्रेंजच्या जागी ‘जॉनी बियाँड’. रंग त्या काळच्या स्वस्त छपाईसारखे. मध्ये खोट्या जाहिराती, मागे वाचकांची पत्रं, आणि संपादकाचा तो लाडिक, बढाईखोर आवाज. सहा अंक निघाले. सहाव्याच्या शेवटी कथा ऐन मोक्यावर सोडली होती आणि पुढच्या जाडजूड विशेषांकात तिचा शेवट होणार होता. तो विशेषांक कधीच आला नाही.

पण त्या सहा अंकांत जुन्या मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांना जे मिळालं ते मोठं होतं. कर्बी यांची मूठ वाचकाच्या नाकावर येऊन आदळते. मागचा दंड लहान, पुढची बोटं उशीएवढी. अवकाशातली शक्ती दाखवायला ते काळ्या गोळ्यांचा फेस काढायचे, आणि आजही तो फेस त्यांच्याच नावानं ओळखला जातो. डिटको यांचं सामर्थ्य हाताच्या बोटांत. डॉक्टर स्ट्रेंज मंत्र टाकतो तेव्हा चेहऱ्याकडे न बघता बोटांकडे बघावं. मधली दोन मुडपलेली, बाकीची ताठ, जणू एखादी तांत्रिक मुद्रा. ‘1963’ मधल्या चित्रकारांनी या मुठी आणि ही बोटं इतक्या प्रेमानं पुन्हा काढली की मूळ चित्रांकडे परत जावंसं वाटतं. दादीची परीक्षा माझ्या मते हीच. वाचक मुळाकडे वळला की ती पास.

त्यामागे एक सल होता, तोही इथं नोंदवायला हवा. कर्बी यांनी मार्व्हलचं अर्धं विश्व उभं केलं आणि आपलीच मूळ पानं परत मिळवायला त्यांना ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षं झगडावं लागलं. 1987 मध्ये पानं आली ती काढलेल्या हजारोंपैकी थोडीच. मूर स्वतः हक्कांच्या प्रश्नावरून मोठ्या प्रकाशकांपासून दूर झालेले. अशा माणसानं कर्बीच्या ढंगात लिहावं, यात नुसती हौस नव्हती, बाजू घेणं होतं. कर्बी 6 फेब्रुवारी 1994 ला गेले. त्यानंतर मूर यांनी ‘सुप्रीम’ या सुपरहिरोच्या कथा लिहिल्या. त्यांत जुन्या आठवणींचे भाग रिक व्हीच जुन्या काळच्या शैलीत काढत. त्यातलीच ‘सुप्रीम: द रिटर्न’ ही छोटी मालिका 2000 मध्ये सहाव्या अंकावर संपली. तो शेवटचा अंक कर्बींना वाहिलेला आहे. नायक एका अजब नगरीत पोचतो, कर्बींच्या मानसपुत्रांची आठवण करून देणारी माणसं त्याला भेटतात, आणि शेवटी तो भेटतो त्या सगळ्यांच्या निर्मात्याला. सुपरहिरोनं चित्रकारासमोर उभं राहावं, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी चित्रकार असतो श्रेयपानावर, बारीक टाइपात.

आपल्याकडच्या श्रेयपानाचा टाइप तर आणखी बारीक. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात जाऊन वर बघा. आकाशातून कोसळलेल्या पाषाणानं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर पाडलं ते लोणार, आणि गावाची कथा सांगते की तिथं लवणासुराला विष्णूनं चिरडलं. काळ्या दगडात पुराणातले प्रसंग एकाशेजारी एक कोरलेले आहेत. त्या शिल्पींनीही आधीच्या शिल्पींकडून उभं राहायची ढब, कमरेचा बाक, दैत्याचा विस्फारलेला जबडा उचलला होता, आणि कुणाचंही नाव तिथं नाही. मला ते निनावीपण थोर वाटत नाही. ती माणसं कोण होती हे कळलं असतं तर आज या जिल्ह्यातली चित्रकला शिकणारी पोरं त्यांच्या नावानं स्वतःला ओळखू शकली असती. मुळीकांचं नाव तरी छापलं गेलं. मग ते निदान बरोबर लिहूया.

सुप्रिमो का टिकला नाही? धंद्याची कारणं असतील, पण माझं लक्ष चित्राकडे आहे, आणि चित्रातलं कारण मला त्या चष्म्यात दिसतं. वेताळाचे डोळे कोरे ठेवले तर काही बिघडत नाही, कारण मुखवट्याआड कुणीच नाही. एकविसावा वेताळ आहे, त्याच्याआधी विसावा होता, पुढे बाविसावा असेल. सुप्रिमोच्या चष्म्याआड जगातले बहुधा सगळ्यांत ओळखीचे डोळे होते. ‘जंजीर’ आणि ‘दीवार’ पाहिलेल्या प्रेक्षकासाठी बच्चन म्हणजे आधी आवाज आणि मग डोळे. कॉमिकमध्ये आवाज येत नाही. फुग्यातल्या अक्षरांना खर्ज नसतो. त्यात डोळे झाकले, तर त्या माणसाचं उरलं काय? उंची, केसांची ठेवण, जबडा. मुळीक यांनी साय बॅरीकडून अगदी योग्य गोष्ट घेतली होती. ती बसवायला मिळालेला चेहरा तेवढा तिच्यासाठी नव्हता. गुरूची युक्ती शिष्यानं प्रामाणिकपणे वापरली आणि ती अडली, असं हे दुर्मीळ उदाहरण.

शिवाय खऱ्या माणसाचा चेहरा चित्रकाराला बांधून ठेवतो. प्रत्येक चौकटीत तो ओळखू यायलाच हवा, म्हणून चित्रकार मोकळेपणानं ओढत नाही, मोडत नाही. कर्बीची मूठ बच्चनना देता येत नाही. चाहते म्हणतील, साहेबांचा हात असा कसा? 1984 च्या अखेरीस तर हे साहेब अलाहाबादमधून लोकसभेत गेले. त्यानंतर रात्री चोर पकडणारा खासदार काढायचा, तर चित्रकारानं काय करावं!

याची उलटी बाजू लगेच समोर आली. 1986 मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सनं ‘नागराज’ काढला. कथा परशुराम शर्मा यांची, चित्रं प्रताप मुळीक यांची. हिरव्या खवल्यांचं अंग, मनगटातून सुटणारे साप. प्रोफेसर नागमणीनं विध्वंसासाठी घडवलेला आणि बाबा गोरखनाथांनी सोडवलेला हा नायक. नवनाथांची पोथी जिथं घरोघर वाचली जाते, त्या आपल्या मुलखाला ते गोरखनाथ परके वाटायचं कारण नव्हतं. नागराजच्या चेहऱ्यामागे कुणी खरा माणूस नव्हता. मुळीकांचा हात सुटला. पुराणातले नाग, राक्षस, ऋषी वर्षानुवर्षं काढून जे अंगात भिनलं होतं ते, आणि वेताळाकडून आलेला तो पिळदार, घट्ट पोशाखातला देह, या दोन्ही गोष्टी इथं एकमेकींत विरघळल्या. सुप्रिमोत त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. नागराज आजही वाचला जातो, नव्वदच्या दशकात अनुपम सिन्हा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याला आणखी वेगळं रूप दिलं, पण त्याचं पहिलं अंग पुण्यातलं आहे. सुप्रिमोवरचे कष्ट वाया गेले असं म्हणणाऱ्यानं नागराजचे पहिले अंक शेजारी ठेवून बघावेत.

नागराज मुळीकांपाशीच थांबलाही नाही. श्रेयपानं वाचत गेलं की ‘कला निर्देशन: प्रताप मुळीक’ या ओळीखाली दुसरी नावं येऊ लागतात: चंदू, संजय अष्टपुत्रे, मिलिंद मिसाळ, शाईकामाला विठ्ठल कांबळे. हिंदी पट्ट्यातल्या लाखो मुलांचा लाडका नायक बराच काळ मराठी हातांनी काढला आहे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. लावणीचे, नाटकाचे, संगीताचे घराणेदार तपशील आपण तोंडपाठ सांगतो. चित्रकथेच्या या घराण्याची साधी यादीही आपल्याजवळ नाही.

विठ्ठल कांबळे यांच्या शाईकामावर या पुस्तकात पुढे एक स्वतंत्र भाग आहे. चित्रकला शिक्षकांनी तो वर्गात न्यावा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना आपण पोरांकडून स्थिरचित्र काढून घेतो, स्मरणचित्र काढून घेतो, संकल्पचित्रात कंपासनं वर्तुळं मारून घेतो. ब्रशनं एकच जिवंत रेष ओढायला मात्र क्वचित शिकवतो. नागराजच्या दंडाची बाहेरची रेष बघा. खांद्याशी ब्रशचं टोक जेमतेम टेकलं आहे. स्नायू फुगतो तसा दाब वाढतो आणि रेष जाड होते, कोपराच्या अलीकडे अचानक बारीक होते, आणि कोपरावर तुटते. तुटलेल्या जागी डोळा आपोआप हाड बसवतो. आतल्या बाजूला चार-पाच निमुळते फटकारे, सगळे एकाच दिशेला, म्हणून उजेड कुठून येतो ते कळतं. हे साय बॅरीच्या वेताळात आहे, मुळीकांच्या शिवाजीत आहे, आणि सुप्रिमोतही आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. समोरासमोरच्या पानांवर एका बाजूला वेताळाची आणि दुसऱ्या बाजूला मुळीकांच्या कामाची चर्चा ठेवली आहे. 1976 साली इंद्रजालमध्येच आलेला आबिद सुरती आणि गोविंद ब्राह्मणिया यांचा ‘बहादूर’ या दोन्हींच्या मध्ये येतो. तो डाकूचा मुलगा, अंगात कुर्ता आणि खाली जीन्स; आपल्या मातीतला नायक परदेशी चौकटीत कसा बसवावा याचा तो आधीचा चांगला प्रयत्न होता, आणि सुप्रिमोकडे बघताना तो शेजारी हवाच. शेवटच्या भागात जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी काढलेली पानं आहेत. त्यांना एवढंच सांगितलं होतं: आवडत्या जुन्या चित्रकाराच्या रेषेत आपल्या गावातला एक नायक काढा आणि खाली त्या चित्रकाराचं नाव लिहा. कुणी कर्बीच्या मुठीचा कापूस वेचणारा काढला आहे, कुणी मुळगावकरांच्या उजेडातली, कावड घेतलेली आजी. रेषा कच्च्या आहेत. नावं मात्र प्रत्येकानं लिहिली आहेत, आणि तीन-चार जणांनी ‘प्रताप मुळीक’ लिहिलं आहे, बरोबर.